पश्चिमेची आंधळी भिंत

सेंट लुशिया बेटावर पाहुणे म्हणून जायचं असेल तर फेब्रुवारीत जावं. पाऊस थोडा, वारा गार, डोंगर हिरवे आणि समुद्र निळा. पण तिथे कुणाला कायमचं राहायला पाठवायचं असेल तर ऑक्टोबरात जाऊन बघावं. आम्ही कोकणातली माणसं भाड्याचं घर जुलैत बघतो, कारण कौल कुठे सरकलंय ते तेव्हाच कळतं. मी ऑक्टोबरात गेले.

राहायला पाठवायचं माणूस म्हणजे माझी आई. तिला दमा आहे. जूनमध्ये रत्नागिरीजवळ आमच्या भाट्याला झड सुरू झाली की तिची छाती वाजायला लागते ती घटस्थापनेपर्यंत. ते चार महिने ती पाठीशी उशा रचून बसल्या बसल्याच झोपते. ती माझ्याकडे असते. माझा धाकटा भाऊ दिनू अकरा वर्षांपूर्वी आखातात गेला, तिथून रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीबरोबर या बेटावर गेला आणि तिथलाच झाला. तिथल्या मुलीशी लग्न केलं, घर बांधलं. गेल्या श्रावणात त्याचं पत्र आलं. ‘आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा इथे नाही. हवा बारा महिने सारखीच. आईला पाठवून दे, तिचा दमा इथे राहायचाच नाही.’

आईनं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “आधी तू बघून ये गो. तुला पावसातलं कळतं.”

हे खरं आहे. मी एका शेती केंद्रात काम करते आणि इतर कामांबरोबर तिथला पाऊस मोजते. रोज सकाळी साडेआठला, रविवार धरून. सप्टेंबर संपला, माझ्याकडे मोजायला काही उरलं नाही, रजा शिल्लक होती आणि तिकीट दिनूनं पाठवलं होतं. आईची जबाबदारी यजमानांनी घेतली. “सासूबाई आणि मी पत्ते खेळू,” म्हणाले. आई पत्त्यांत खोटं खेळते हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

व्ह्यू फोर

मुंबईहून लंडन आणि लंडनहून बेट, एवढं सांगितलं की विमानाबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. उतरताना मात्र खिडकीजवळची जागा मागून घ्यावी. वरून अख्खं बेट एका नजरेत मावतं. देठाकडे निमुळता होत गेलेला आंबा पाण्यात टाकावा तसं दिसतं. लांबी साधारण रत्नागिरी ते संगमेश्वर, रुंदी त्याच्या निम्मी. मधोमध दाट झाडीचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला. त्याच्या पूर्वेला अटलांटिक महासागर, तो गढूळ आणि खवळलेला. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, तो आपल्या खाडीसारखा शांत. वस्ती जवळजवळ सगळी काठाकाठानं. विमानतळ दक्षिण टोकाला, व्ह्यू फोर नावाच्या गावाशी.

तिथे एका तरुण अधिकारीणबाईंनी माझी पिशवी उघडली आणि आमसुलांची पुडी वर काढली.

“हे काय?”

“फळाची साल. वाळवलेली.”

“औषध?”

“आमटीत घालतात.”

आमटी म्हणजे काय हे उभ्या उभ्या सांगणं अवघड होतं. मी एक आमसूल तोंडात टाकलं आणि एक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चाखलं, डोळे मिटले, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून त्यालाही एक दिलं. पुडी परत आली तेव्हा जरा हलकी होती.

बाहेर दिनू होता. कानांवरचे केस पांढरे झालेत. शेजारी त्याची बायको क्लॉडेट, त्याच्यापेक्षा चार बोटं उंच, शाळेत शिक्षिका आहे. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि “आका” म्हणाली. दिनूनं ‘अक्का’ शिकवलं होतं, पण तिच्या जिभेला जोडलेला ‘क्क’ जमत नव्हता. मी पुढचे साडेतीन आठवडे आकाच राहिले.

गाडीतून दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसत होत्या, आणि प्रत्येक घडाला निळ्या प्लास्टिकची पिशवी घातलेली. हा माल इंग्लंडला जातो, त्यामुळे घडावर एक ओरखडा चालत नाही. मधूनमधून माड. माड पाहून बरं वाटलं, पण त्यांच्या झावळ्या खाली पडून कुजत होत्या. मी दिनूला विचारलं, “या झावळ्यांचं करता काय?”

“काही नाही. खोबरं काढतात फक्त.”

भाट्याला एवढ्या झावळ्या एक दिवससुद्धा जमिनीवर राहिल्या नसत्या.

क्लॉडेट म्हणाली, “उद्या सकाळी तुम्हाला आमचं खास खाणं करते. अंजीर आणि खारवलेला मासा.”

अंजीर आणि मासा हे ऐकून मला रात्रभर काळजी होती. सकाळी ताटात उकडलेली हिरवी केळी आली. कच्च्या केळ्याला तिथे अंजीर म्हणतात. का, ते क्लॉडेटलाही सांगता आलं नाही. मासा मात्र उत्तम होता. खारवून वाळवलेला, भिजवून मीठ उतरवलेला, कांदा-मिरचीवर परतलेला. आपल्याकडे सुक्या मासळीशी तांदळाची भाकरी लागते, तिथे केळं. दोन दिवसांत मला त्याची सवय झाली, तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मिकू

दिनूचं घर पूर्व किनाऱ्यावर मिकू गावाच्या वरच्या अंगाला आहे. पहिल्या सकाळी मी बाहेर आले आणि सूर्य समुद्रातून वर येत होता. उभ्या जन्मात मी सूर्य समुद्रात बुडतानाच पाहिलेला. छान दिसतं, पण डोकं फिरतं. रत्नागिरीच्या माणसाला होकायंत्र लागत नाही. समुद्राकडे तोंड करायचं, ती पश्चिम, उजवा हात उत्तर, डावा दक्षिण. त्याच हिशेबानं मी दुकानाला निघाले. क्लॉडेटनं सांगितलं होतं, दुकान दक्षिणेला, दहा मिनिटांवर. समुद्राकडे तोंड करून मी डावीकडे वळले आणि पाऊण तास चालून एका नदीच्या मुखाशी पोचले. तिथे कपडे धुणाऱ्या बाईनं मला एका गाडीत बसवून परत पाठवलं. गाडीवाल्यानं घर विचारलं. मी दिनूचं नाव सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, “हां, उलटं घर.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

आता पावसाबद्दल. भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी वारे आपण पाठ केलेले असतात, ते इथे प्रत्यक्ष भेटतात. वारा बारा महिने पूर्वेकडून येतो. आपल्यासारखा सहा महिने इकडून आणि सहा महिने तिकडून असं तिथे नाही. ओले महिने जून ते नोव्हेंबर, कोरडे त्याच्यापुढचे. म्हणजे दिनूनं जो पावसाळा नाही असं लिहिलं होतं तो आहेच, आणि आपल्याच महिन्यांत आहे. वादळंही त्याच दिवसांत येतात. तापमान मात्र फारसं हलत नाही. लोकरीचं कापड मी कुणाच्याही घरात पाहिलं नाही.

पण त्यांचा पाऊस आपल्यासारखा मुक्कामाला येत नाही. समुद्रावर एक काळा पडदा दिसतो, तो चालत येतो, दहा मिनिटं धो धो ओततो आणि डोंगरावर चढतो. मागोमाग ऊन. तासाभरानं पुन्हा तेच. मिकूच्या बायका दिवसातून चार वेळा कपडे वाळत घालतात आणि चार वेळा आत घेतात, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पांघरूण अंगावर वाळवावं लागतं. या हिशेबानं आईला इथे बरं वाटायला हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशीपर्यंत माझं तसंच मत होतं.

चौथ्या दिवशी क्लॉडेटनं मला आईची खोली दाखवली. बारा बाय दहाची, घरातली सगळ्यात चांगली. समोर समुद्र. तिनं स्वतः शिवलेले पडदे, कमी उंचीची खाट, कारण दिनूनं सांगितलं होतं की आईचे पाय टेकले पाहिजेत. भिंतीत देवाचं फडताळ करून घेतलेलं. “आईंना आवडेल ना?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं आणि भिंतीला हात लावला. भिंत गार आणि ओलसर होती. गादी उचलली तर खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके.

घर नीट बघायचं मी तोवर टाळलं होतं, पाहुणीनं भिंती चाचपू नयेत म्हणून. त्या दिवशी सगळं घर फिरले. पूर्वेला, समुद्राकडे, लांबलचक उघडी पडवी. दारं, खिडक्या, आईची खोली, स्वयंपाकघर, सगळं त्या बाजूला. पश्चिमेला, डोंगराकडे, एकही खिडकी नसलेली उंच भिंत. म्हणजे झड येते त्या बाजूला घर सताड उघडं, आणि जिकडून थेंबही येत नाही तिकडे किल्ला. शेजारची घरं पाहिली. सगळ्यांची पाठ समुद्राकडे.

मला सवयीनं मोजल्याशिवाय बोलता येत नाही. दुधाच्या भुकटीचे दोन सारखे डबे घेतले. एक दिनूच्या पडवीत, छपराच्या आत, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवला. छपराखाली ठेवलेला डबा कोरडा राहायला हवा, हे सांगायला पाऊस मोजणारीच लागते असं नाही. दुसऱ्या सकाळी त्यात दोन बोटं पाणी होतं.

ग्रो-झिले

दुसरा डबा क्लॉडेटच्या आईकडे न्यायचा ठरवला. मा फेलिसी बेटाच्या वायव्य टोकाला राहते. तिच्या गावाचं नाव लिहिताना लांबलचक आहे, बोलताना ग्रो-झिले. मिकूहून निघून मधला डोंगर ओलांडला आणि मला आंबा घाट आठवला. साखरप्याला भिजायचं आणि कोल्हापूर येईपर्यंत कपडे वाळायचे. इथे ते तासाभरात होतं. माथ्यावर धुकं, नेचे, ठिबकणारी झाडं. पलीकडे उतरलं की पिवळं गवत, निवडुंग आणि धुळीत झोपलेली कुत्री. एवढ्याशा बेटात वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू अशी दोन राज्यं आहेत. जाणाऱ्यानं मुक्काम ठरवताना आधी हे बघावं.

मा फेलिसी सत्तरीची, अंगणात खुर्ची टाकून वाटाणे सोलत होती. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, “तूच का ती पाऊस मोजणारी? आमच्याकडे पाऊस आला की माणसं आत जातात.”

“तुमचा जावई जात नाही. त्याच्याकडे पाऊसच आत येतो.”

ती इतकी हसली की वाटाणे सांडले. “मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, बाबा रे, समुद्राकडे तोंड करून इथले कोळीसुद्धा घर बांधत नाहीत, ते समुद्र दिवसभर बघतात. तर मला म्हणतो, मा, आमच्याकडे असंच बांधतात.” मग क्लॉडेटकडे बघून, “इंजिनियर मिळाला म्हणून ही नाचत होती.”

“मा, पुरे,” क्लॉडेट म्हणाली.

डबा तिच्या ओट्यावर उघड्यावर ठेवला. आठवड्यानं परत गेलो तेव्हा त्यात जेमतेम दोन बोटं पाणी होतं. मा फेलिसीचं म्हणणं, जास्त होतं पण मांजर प्यायलं. मांजराची सूट धरूनसुद्धा उत्तर स्पष्ट होतं. तिच्या उघड्या ओट्यावर आठवड्यात जेवढा पाऊस पडला, तेवढा दिनूच्या छपराखाली रोज येत होता.

मधल्या रविवारी सूफ्रिएरला गेलो. बेटावर एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघावं. समुद्रातून सरळ वर उठलेले दोन सुळके, आणि गावामागे उकळत्या चिखलाची कुंडं. कुजक्या अंड्यांचा वास अर्धा मैल आधीच येतो. आपल्या संगमेश्वराजवळच्या राजवाडीचं ऊन पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांनी ते दहापट रागावलेलं समजावं. तिथे आंघोळ करून आलेली क्लॉडेट केस पुसता पुसता म्हणाली, “श्वासाच्या आजाराला हा वास चांगला म्हणतात. आईंना दर रविवारी आणीन.” तिनं आईच्या वाट्याचे रविवारसुद्धा ठरवून ठेवले होते. डब्यातलं पाणी तिला कसं सांगावं ते मला कळेना.

पुन्हा मिकू

दिवाळी आली. दिनूला पणत्या मिळाल्या नाहीत, म्हणून करवंट्या घासून त्यांत खोबरेल घातलं. संध्याकाळी सहाला पडवीच्या कठड्यावर अकरा करवंट्या लावल्या. क्लॉडेटनं साडी नेसली होती, मी नेसवली होती. पहिली फुलबाजी पेटवतोय तोच समुद्रावरून पडदा आला. दहा मिनिटांत अकराच्या अकरा दिवे चुर्र करून विझले आणि आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. क्लॉडेट कपडे बदलायला आत गेली.

मी म्हटलं, “दिनू, हे घर असं का बांधलंस?”

“कसं?”

“उलटं. अख्खं गाव म्हणतं.”

तो विझलेल्या करवंट्या गोळा करायला लागला. मग म्हणाला, “बाबा सांगायचे ते. पश्चिमेची भिंत आंधळी ठेवायची, पडवी पूर्वेला.”

आमचे बाबा चिऱ्याची घरं बांधत. भाट्ये ते पावस त्यांच्या हातची कितीतरी घरं उभी आहेत, आणि पश्चिमेच्या आंधळ्या भिंतीचा नियम त्यांनी प्रत्येक घरात पाळला. दिनू शिकला, पण त्यांच्या हाताखाली एक दिवस उभा राहिला नाही. आखातात निघाला तेव्हा दोघांचं बोलणं बंद होतं. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. याला तार उशिरा मिळाली.

“बाबांनी पश्चिम सांगितली ती तिकडे समुद्र होता म्हणून,” मी म्हटलं. “झड तिकडून यायची. इथे समुद्र कुठे आहे?”

त्यानं समोर बघितलं. समोर अंधारात समुद्र गाजत होता.

“रस्ते बांधताना वारा बघतोस, पाणी कुठून वाहतं ते बघतोस. घर बांधताना काय झालं?”

“तेव्हा बघितलंच नाही, अक्का. पाया आखताना ते मागे उभे आहेत असं वाटत होतं.”

मी डबा उचलून त्याला दाखवला आणि स्पष्ट सांगितलं की ही खोली आईला चालायची नाही, पहिल्याच जुलैत ती आजारी पडेल. मा फेलिसीच्या बाजूला घर असतं तर मी तिला उद्या पाठवलं असतं. आत दाराशी क्लॉडेट उभी होती. मराठी तिला येत नाही, पण डबा तिला कळला. ती आत गेली आणि त्या खोलीचे पडदे काढून वाळत टाकले.

निघताना डबा मी पडवीतच राहू दिला.

भाट्ये

घरी आल्यावर चहा घेऊन आईसमोर बसले. बेटाची लांबी-रुंदी, ओले महिने, कोरडे महिने, दोन्ही डबे, बुरशी, सगळं क्रमानं सांगितलं. पाठवू नये असं माझं मत सांगितलं. पडद्यांचं आणि खाटेचंही सांगितलं, कारण बघायला पाठवलेल्या माणसानं निम्मं बघून येऊ नये. आई पत्ते पिसत ऐकत होती. यजमान समोर बसून तिच्या हातांवर नजर ठेवून होते.

“म्हणजे झड पूर्वेकडून येते,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि ह्यानं पडवी पूर्वेलाच केली. बाबांनी सांगितलं म्हणून.”

“हो.”

तिनं पत्ते खाली ठेवले. “आयुष्यात एकदा बापाचं ऐकलंन, तेही नको तिथे.” मग माझ्याकडे वळून, “तिथे माड आहेत म्हणालीस?”

“पुष्कळ.”

“झावळ्या?”

“कुजतायत.”

“झाप विणता येतात त्याला?”

“आई, तो इंजिनियर आहे.”

“म्हणजे नाही येत,” ती म्हणाली. “मग जायला हवं. पूर्वेच्या अंगाला वरपासून खालपर्यंत झाप बांधले की कसली झड आत येते बघू. इतकी वर्षं बांधतेय मी.”

मी दम्याचं पुन्हा काढलं. ती म्हणाली, दमा इथेही आहे. माझ्या मोजण्याला तिनं नावं ठेवली नाहीत. फक्त मी डबा ठेवून आले आणि आडोसा करून आले नाही, एवढं तिनं लक्षात आणून दिलं. ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी पासपोर्टाचा फॉर्म आणला.

आई जानेवारीत, कोरड्या दिवसांत गेली. ओल्या महिन्यांआधी तिला पाच महिने मिळाले. मेअखेर दिनूचं पत्र आलं की आईनं पडवीभर झाप बांधलेत, मा फेलिसी मुद्दाम दोन आठवडे येऊन विणायला शिकली, आणि येणारा-जाणारा गाडी थांबवून बघतो. दम्याबद्दल अक्षर नाही. जून गेला, काही कळलं नाही. मी केंद्रात रोज सकाळी पाऊस मोजत होते आणि मनात त्या वेळी तिकडे रात्र असते एवढंच येत होतं.

जुलैच्या शेवटी पाकीट आलं. आत क्लॉडेटच्या हातचा अर्धा कागद, शाळेच्या बाईंचं सुवाच्य अक्षर. आईला लिहिता येत नाही, म्हणून आईनं बोलून, दिनूनं इंग्रजी करून, तिनं लिहिलेला. ‘खोलीत पडदे परत लावले. रात्री आडवी झोपते. केळ्याला अंजीर म्हणतात ते मी ऐकून घेत नाही. तुझा डबा जागच्या जागी आहे. क्लॉडेट रोज सकाळी त्यात बोट घालून बघते. कोरडा असतो.’